खुर्ची नको, रिंगणात जागा द्या



आपल्या वस्तीतील कोणताही आनंदाचा कार्यक्रम डोळ्यांसमोर आणा. लग्नाची हळद घ्या, बारसे घ्या, जयंतीची मिरवणूक घ्या. वडीलधाऱ्यांची व्यवस्था कार्यकर्त्यांनी चोख केलेली असते. पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या असतात. आजीला हात धरून आणतात, आजोबांच्या खांद्यावर शाल घालतात, हातात फूल देतात आणि फोटो काढतात. मग वाद्य सुरू होते आणि तरुण मंडळी नाचायला उतरतात. आजी खुर्चीवरच बसून राहते. तिचा पाय खुर्चीखाली ताल धरतो, बोटे मांडीवर वाजतात, पण "आजी, येता का?" असे तिला कोणी विचारत नाही. विचारले तरी चेष्टेने विचारतात, आणि ती नाचू लागलीच तर मोबाईल बाहेर निघतात.

वडीलधाऱ्यांचा मान ठेवणे म्हणजे त्यांना बसवून ठेवणे, अशी आपली समजूत झाली आहे. आज तिच्याविषयीच लिहायचे आहे. बसण्याची जागा आपण त्यांना दिली, पण रिंगणातील जागा मात्र काढून घेतली. ती परत देणे अवघड नाही. त्यासाठी सरकारी योजना, अनुदान किंवा मोठी वर्गणी लागत नाही. आठवड्यातून एक तास, एक सपाट अंगण आणि एक ढोलकी एवढ्यावर भागते.

आटगावच्या आसपास

मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर आसनगावच्या पुढचे स्टेशन म्हणजे आटगाव. त्याच्या एका अंगाला मुंबई-नाशिक महामार्ग आहे आणि पलीकडे माहुलीचा डोंगर. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. शहापूर आणि मुरबाड हे तालुके मात्र ठाण्यातच राहिले. तानसा आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे याच शहापूर तालुक्यात आहेत, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे पाडेही याच तालुक्यात आहेत.

या भागातील दिनक्रम वाचकांना ठाऊक आहे. पहाटेच्या लोकलने कर्ती माणसे कल्याण, ठाणे, मुंबई गाठतात. कोणी भिवंडीच्या गोदामात जातो, तर कोणी जवळच्या कारखान्यात. भाताची कापणी संपली की कातकरी कुटुंबे मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर निघून जातात. दिवसभर घरात कोण उरते? म्हातारी माणसे, कोंबड्या आणि कुलूप. संध्याकाळी सून थकून येते, नातवंडे मोबाईलमध्ये गुंततात आणि आजीशी होणारे बोलणे "जेवलीस का" आणि "गोळी घेतलीस का" या दोन प्रश्नांत संपते. यात सुनेचा दोष नाही आणि मुलाचाही नाही. पोटासाठी धावणाऱ्या घरात वेळच उरत नाही, ही वस्तुस्थिती आहे.

हे दुखणे केवळ आपल्याच घरातले नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील माणसे दहा कोटींच्या पुढे होती. महाराष्ट्रात ती सुमारे १ कोटी ११ लाख, म्हणजे दर दहा माणसांमागे जवळजवळ एक होती. तेव्हापासून त्यांचे प्रमाण वाढतच गेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये एकटेपणावर अहवाल प्रसिद्ध केला. जगात दर सहा माणसांपैकी एकाला एकटेपणा ग्रासतो आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध लागतो, असे त्यात म्हटले आहे. एकटेपणाचा धोका केवळ मनाला नसतो. हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह आणि विसरभोळेपणा यांचाही धोका त्यामुळे वाढतो. म्हणजे ओटीवर एकट्या बसलेल्या आजीचे "मला काय झालंय? मी बरी आहे" हे उत्तर प्रत्येक वेळी खरे मानू नये.

नाच होता, तेव्हा काय होते?

आता कोणी म्हणेल की एकटेपणावर उपाय म्हणून नाच कशाला? गप्पा आहेत, टीव्ही आहे. त्यांनी आपल्याच भागातील जुना नाच कसा बांधलेला असे, हे जरा आठवून पाहावे.

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर भाद्रपदात गौरीचे नाच होतात. ठाकरांचा कांबड नाच आहे. उत्तरेला जव्हार-डहाणूकडे वारली आणि कोकणा समाजाचा तारपा आहे. गावागावांत बायकांच्या फुगड्या, झिम्मा आणि फेर आहेत. शाळा-तालमीतली लेझीम आहे. प्रत्येकाचे पाय वेगळे आणि ताल वेगळा. पण बहुतेकांत एक गोष्ट सारखी आहे, ती म्हणजे रिंगण. रिंगणात पुढची रांग नसते आणि मागचीही नसते. सगळे एकमेकांना दिसतात. शेजारच्याचा हात किंवा कंबर धरलेली असते, म्हणून एखाद्याचा तोल गेला तर दोघे सावरतात. पाय लहान-मोठा पडला तरी साखळी त्याला ओढून नेते.

तारप्याचेच पाहा. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाचे पान यांपासून ते वाद्य तयार होते. वाजवणारा मध्ये असतो, आणि एकमेकांच्या कमरेला हात घालून नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती फिरते. त्याने चाल बदलली की सर्वांचे पाय बदलतात. डहाणू तालुक्यातील गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी तारप्याचे हे रिंगण कागदावर आणि कापडावर उतरवून जगभर नेले. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते निवर्तले. त्या चित्रातील माणसे पाहा. दोन त्रिकोण, चार रेषा. म्हातारा कोण आणि तरुण कोण, ते ओळखू येत नाही. आणि तारपा वाजवणारा माणूस पुष्कळदा गावातला वयस्कर असतो. जव्हार तालुक्यातील वाळवंडे गावचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांचे नाव २०२६ च्या पद्मश्रीच्या यादीत आले, ते नव्वदीच्या घरात असताना.

वारली लग्नात धवलेरी असते. ती गाणी म्हणते आणि तिच्या गाण्यांनीच लग्न लागते. कोणत्या विधीला कोणते गाणे, हे तिला पाठ असते. अनुभवी बाईकडेच हा मान जातो. तेथे म्हातारपण म्हणजे अडगळ नव्हे. वय वाढले की गाण्यांचा साठा वाढतो आणि साठ्याबरोबर गरजही वाढते.

जुन्या नाचाची खरी ताकद येथे आहे. त्यात म्हाताऱ्या माणसाचे काम होते. गाणे सुरू करायचे, चाल धरून ठेवायची, चुकणाऱ्या पोरीला "अगं, डावा पाय आधी" असे सांगायचे. तो नाच ज्येष्ठांसाठी ठेवलेला वेगळा कार्यक्रम नव्हता. सर्वांचाच होता, आणि ज्येष्ठांवाचून त्याचे अडत होते.

नाच वाढला, म्हातारे कमी झाले

आज नाच कमी झाला आहे का? मुळीच नाही. उलट वाढला आहे. पूर्वी हळदीला घरच्या बायका गाणी म्हणत. आता बेंजो पार्टी येते, डीजे येतो आणि रात्र जागते. मग गमावले काय? चाल आता माणसाच्या हातात राहिली नाही. ढोलकी वाजवणारा आजीला पाहून लय उतरवत असे. पेटीतल्या आवाजाला आजी दिसत नाही. त्याचा वेग विशीतल्या पायांचा आणि आवाज छातीत धडधड करणारा. हृदयाचे दुखणे असलेला माणूस तेथून उठून घरी जातो. कानाला यंत्र लावलेला माणूस ते काढून खिशात ठेवतो.

शिवाय रिंगण मोडले. आता सगळे एका दिशेने, आवाजाच्या भिंतीकडे तोंड करून नाचतात. शेजारी कोण आहे हे पाहावे लागत नाही. हात धरण्याचा प्रश्नच नाही. तरुणांनी तसे नाचू नये, असे माझे म्हणणे नाही. त्यांचा आनंद त्यांना लखलाभ. मात्र पूर्वी एकाच अंगणात तीन पिढ्या मावत होत्या, आता एकच मावते, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे. दुसऱ्या दोघींसाठी वेगळी वेळ आणि वेगळे वाद्य काढावेच लागेल.

चीनमधील शहरांत निवृत्त बायका सकाळ-संध्याकाळ चौकांत आणि बागांत जमून सामूहिक नाच करतात. हे लोण देशभर पसरले आहे. तेथेही भांडण झाले ते आवाजावरून. शेजारपाजारचे लोक कर्ण्याला वैतागले. आपल्याला त्यातून एवढेच घ्यायचे आहे की म्हाताऱ्यांचा नाच कर्ण्यावाचून होतो, आणि तसाच तो चांगला होतो.

अंगाला आणि डोक्याला काय मिळते

२००३ मध्ये अमेरिकेतील एका प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील पंचाहत्तरी ओलांडलेल्या ४६९ माणसांवर सरासरी पाच वर्षे लक्ष ठेवले होते. त्यांपैकी १२४ जणांना स्मृतिभ्रंश झाला. वाचन करणारे, बैठे खेळ खेळणारे आणि वाद्य वाजवणारे यांच्यात हे प्रमाण कमी आढळले. शारीरिक हालचालींपैकी मात्र एकाच गोष्टीचा असा संबंध दिसला, आणि ती म्हणजे नाच. चालणे, पोहणे यांचा तसा संबंध त्या अभ्यासात आढळला नाही.

यावरून "नाचा आणि स्मृतिभ्रंश टाळा" अशी पाटी लावू नये. ज्यांची आठवण आतून ढासळू लागली आहे अशी माणसे नाच आपोआप आधी सोडत असतील, हेही शक्य आहे. नाच हे औषध नव्हे. रक्तदाबाची गोळी बंद करून नाचायला जाणे म्हणजे आगीशी खेळ. पण नाचात काय होते ते पाहिले, तर या निष्कर्षाचे फार नवलही वाटत नाही. चालताना पाय सवयीने पडतात. नाचताना कान ताल ऐकतो, डोके पुढचे पाऊल आठवते, डोळे शेजारणीकडे पाहतात, तोंड गाणे म्हणते आणि पाय हे सगळे पाळतात. एवढी कामे एकाच वेळी करणे ही मेंदूची कसरतच आहे.

दुसरी गोष्ट तोलाची. म्हातारपणी पडणे हे मोठे संकट असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून दगावतात, आणि त्यांत साठीपुढच्यांचा भरणा अधिक असतो. खुब्याचे हाड मोडले की माणूस अंथरुणाला खिळतो आणि घराचे कंबरडे मोडते. त्याच संघटनेने २०२० च्या सूचनांत सांगितले आहे की पासष्टीपुढील माणसांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारी हालचाल करावी. फेर धरताना आपण बाजूला पाऊल टाकतो, वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेतो, हळूच वळतो. रोजच्या चालण्यात हे घडत नाही. भातलावणीत आयुष्य वाकून गेलेल्या बाईला ताठ उभे राहून बाजूला पाऊल टाकणे, हा व्यायामच आहे. फक्त त्याला व्यायाम म्हटले तर ती येणार नाही. गाणे म्हणायला चल म्हटले तर येईल.

तिसरी गोष्ट एकोप्याची. २०१५ मध्ये ब्राझीलमधील शाळकरी मुलामुलींवर एक प्रयोग झाला. एका तालात एकत्र नाचलेल्या मुलांना एकमेकांविषयी अधिक जवळीक वाटू लागली आणि वेदना सहन करण्याची त्यांची ताकदही वाढली. हा प्रयोग तरुण मुलांवर झाला होता. पण लावणीच्या वेळी एका सुरात गाणे म्हणत चिखलात वाकणाऱ्या बायकांना हे कोणी शिकवावे लागले नव्हते. गाण्याने कंबरेचा ठणका जात नव्हता, सोसवत होता.

फांगण्याच्या आज्यांचा धडा

आपल्या शेजारच्या मुरबाड तालुक्यातील फांगणे गावाने ८ मार्च २०१६ रोजी, महिलादिनी, आजीबाईंची शाळा सुरू केली. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आणि एका धर्मादाय न्यासाच्या मदतीने ती उभी राहिली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी लुगडे नेसून, दप्तर घेऊन शाळेत बसल्या आणि पाटीवर अक्षरे गिरवू लागल्या. देशोदेशीच्या वर्तमानपत्रांत त्यांचे फोटो छापून आले.

ती शाळा नाचाची नव्हती, अक्षरांची होती. पण आपल्या विषयाला तिच्यातील तीन गोष्टी लागू पडतात. पहिली, वेळ ठरलेली होती. ठरलेल्या वेळी कोणीतरी आपली वाट पाहते, ही भावना म्हातारपणी दुर्मीळ असते. एक आजी आली नाही तर दुसरी तिच्या दारात जाते, आणि अशा रीतीने आजारपण लवकर कळते. दुसरी, सगळ्या एकाच रंगात होत्या. सधवा-विधवा, गरीब-बरी असा भेद त्या गुलाबी रंगात दिसेनासा झाला. तिसरी, गावाने त्यांना हसले नाही. गावच त्यांच्या मागे उभे राहिले. अक्षरांसाठी जे झाले ते फेरासाठी का होऊ नये?

आड येणाऱ्या तीन गोष्टी

पहिली अडचण सर्वांना ठाऊक आहे: "लोक काय म्हणतील?" साठीनंतर बाई मोकळेपणाने हसली तरी "म्हातारचळ लागला" असे म्हणणारी तोंडे प्रत्येक वस्तीत असतात. याला उपाय संख्येचा. एकटी नाचली तर चळ. बाराजणी नाचल्या तर कार्यक्रम! म्हणून सुरुवात एकटीने करू नये, पाच-सहा जणींनी मिळून करावी. आणि मोबाईलवर चित्रण करण्यास पहिल्या दिवसापासून सक्त मनाई ठेवावी. आजीच्या नाचाची चित्रफीत गावभर हसण्यासाठी फिरली, तर ती पुन्हा अंगणात पाऊल ठेवणार नाही.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. आपल्या समाजातील वयस्कर बायकांत विधवांची संख्या मोठी आहे. रूढ समाजात हळदी-कुंकवाला, हळदीच्या गाण्याला विधवेला मागे ठेवतात. आपण धम्म स्वीकारला, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, तरी ही जुनी सवय कित्येक घरांत चोरपावलाने टिकून आहे. कोणी तोंडाने म्हणत नाही; पण हळदीच्या वेळी नवरदेवाची चुलती स्वयंपाकघरात काम काढून बसते, ते का? तिला कोणी बाहेर बोलावत नाही, ते का? आठवड्याच्या फेराला कोणताही विधी चिकटलेला नसतो. तेथे कपाळ पाहायचे नसते, फक्त हात धरायचा असतो. वीस-वीस वर्षे मागे उभ्या राहिलेल्या बाईला हा हात पुढे आणील. केवळ एवढ्यासाठीही हा उपक्रम करावा, असे मला वाटते.

तिसरी अडचण आपल्या इतिहासाची. नाच म्हटले की आपल्या जुन्या माणसांच्या कपाळावर आठी पडते, आणि तिला कारण आहे. एके काळी आपल्या माणसांना गावासाठी वाजवावे लागे, दुसऱ्याच्या करमणुकीसाठी नाचावे लागे, आणि वर अपमान सोसावा लागे. बाबासाहेबांच्या चळवळीने तो हीनपणा झुगारायला शिकवले. मग आंबेडकरी जलसे आले. भीमराव कर्डक आणि वामनदादा कर्डक यांच्यासारख्यांनी गाण्यातून घरोघरी विचार पोहोचवला. गाण्याला आपण मान दिला. नाच मागे राहिला. हे समजण्यासारखे आहे. पण भेद नीट पाहावा. दुसऱ्याच्या ओटीसमोर, त्याच्या हुकमाने नाचणे ही गुलामी होती. आपल्या अंगणात, आपल्या माणसांचा हात धरून, आपल्या मनाने फेर धरणे ही मोकळीक आहे. पहिल्यात एक बघणारा मालक असतो. दुसऱ्यात बघणारा कोणीच नसतो, सगळेच नाचणारे. म्हणूनच या नाचाला स्टेज नको आणि बक्षीसही नको.

काही उपासिका विचारतील की शीलात नृत्य-गीत वर्ज्य सांगितले आहे, त्याचे काय? पंचशीलात तसा उल्लेख नाही. तो अष्टशीलात आहे. जी मंडळी उपोसथाला अष्टशील घेतात, त्यांनी तो दिवस सोडून दुसरा वार धरावा. विहारातच जमावे असेही नाही. समाजमंदिराचे, शाळेचे किंवा कोणाच्या घराचे अंगण चालते. जेथे मतभेद असेल तेथे घराचे अंगणच बरे. वादासाठी म्हातारी माणसे वेठीला धरू नयेत.

सुरुवात कशी करावी?

"नाचता येईना, अंगण वाकडे" ही म्हण आपण हसण्यावारी नेतो. पण सत्तरीच्या माणसासाठी अंगण खरोखरच वाकडे असू नये! म्हणून आधी जागा. खड्डे बुजवावेत, खडे वेचावेत, शेण-मातीने सारवलेली जमीन पूर्ण वाळू द्यावी. ओली फरशी तर नकोच. पावसाळ्यात छप्पर असलेली जागा पाहावी. लुगड्याचा ओचा वर खोचलेला असावा, पायात अडकू नये. मधुमेहामुळे ज्यांचे तळपाय बधिर झाले आहेत, त्यांनी अनवाणी उतरू नये. मागून पट्टा असलेली, न घसरणारी चप्पल घालावी.

वेळ दुपारी चारनंतरची. ऊन उतरलेले असते आणि चुलीची वेळ झालेली नसते. उपाशीपोटी येऊ नये आणि जेवल्याबरोबरही येऊ नये. पहिली दहा मिनिटे बसूनच टाळ्या, खांदे आणि घोटे हलवावेत. मग वीस मिनिटे फेर. बाजूला एक पाऊल, जोडून दुसरे. चार पावले आत, चार बाहेर. गरगर फिरायला लावणारी फुगडी टाळावी. हात धरून संथ फेर पुरे. प्रत्येक गाण्यानंतर पाणी आणि गप्पा. शेवटी दहा मिनिटे पुन्हा बसून एखादे जुने गाणे. छातीत दुखले, दम लागला किंवा चक्कर आली तर तत्काळ थांबावे आणि दवाखाना गाठावा. महिन्यातून एकदा आशाताईला किंवा उपकेंद्राच्या नर्सताईला बोलावून सर्वांचा रक्तदाब पाहून घ्यावा. त्या आनंदाने येतील. एरवी त्यांना एकेका दारी हिंडावे लागते.

जिला उभे राहता येत नाही तिची खुर्ची रिंगणातच ठेवावी, बाहेर नव्हे. खुर्चीवाल्या आजीने एका हाताने शेजारणीचा हात धरावा, किंवा खंजिरी घ्यावी. तिच्या खुर्चीपाशी साखळी तुटू देऊ नये. खुर्चीला माझा विरोध नाही. ती कोठे ठेवली जाते, एवढाच प्रश्न आहे.

वाद्य हाताने वाजणारे असावे, आणि वाजवणाऱ्याची नजर पायांवर असावी. गाणी ज्येष्ठांनीच ठरवावीत. लावणीची, जात्यावरची, पाळण्याची, भीमाची, जी ज्याला येतील ती. नातवंडांना वही घेऊन बसवावे आणि आजी म्हणेल ते गाणे लिहून घ्यायला लावावे. त्यात दुहेरी लाभ आहे. मुलाला कळते की आपल्या आजीकडे कोणत्याही पुस्तकात न सापडणारे काही आहे; आणि आजीला कळते की आपण अजून द्यायच्या बाजूला आहोत, केवळ घ्यायच्या नाही.

आजोबांना विसरू नये. पुरुषही म्हातारपणी एकटे पडतात, कारण त्यांची सगळी संगत कामाच्या जागेशी बांधलेली असते. काम सुटले की संगत सुटते. त्यांना फेरात यायला संकोच वाटेल. ज्यांनी तरुणपणी लेझीम खेळली आहे त्यांच्या हातात लेझीम द्यावी. ज्यांना ढोलकी किंवा हलगी येते त्यांना वाजवायला बसवावे. आठ दिवसांत ते आपणहून उभे राहतील.

एक विनंती तरुण मंडळांना. पुढच्या जयंतीच्या मिरवणुकीत सुरुवातीचा अर्धा तास आवाजाची भिंत बंद ठेवा आणि वस्तीतल्या ज्येष्ठांचे लेझीम-पथक पुढे चालू द्या. चौकात एक फेर त्यांचा होऊ द्या. त्यांची चाल संथ असेल, मिरवणूक थोडी रेंगाळेल; रेंगाळू द्या. या माणसांनीच अंधारात कंदील धरून वस्तीत पहिल्या जयंत्या साजऱ्या केल्या, वर्गणीचा एकेक पैसा जमवला.

आणि एक विनंती सुनांना, लेकींना. आजीला तुम्ही वेळेवर जेवू घालता, औषध देता. तुमचे ऋण मोठे आहे. आता आठवड्यातून एकदा तिला "चल, उशीर होतोय, तुझ्या बायका वाट पाहत असतील" असे म्हणून दारापर्यंत सोडा. कुठेतरी जायचे आहे, कोणीतरी वाट पाहते आहे आणि आपण गेलो नाही तर गाणे अडणार आहे, एवढे कारण म्हाताऱ्या माणसाला सकाळी अंथरुणातून उठवायला पुरते.

आटगाव, खर्डी, वासिंद, किन्हवली, डोळखांब. तिकडे सरळगाव, धसई, टोकावडे, म्हसा. या गावांतील महिला मंडळांनी येत्या महिन्यात एक वार धरून पाहावा. १ ऑक्टोबर हा ज्येष्ठांचा आंतरराष्ट्रीय दिन असतो. त्या दिवशी सत्काराच्या खुर्च्या मांडण्याऐवजी अंगण झाडून ठेवावे आणि ढोलकीवर थाप पडू द्यावी. पहिल्या दिवशी चारच जणी येतील. चौघींचेही रिंगण होते.

जयभीम!